लाल चॅनेल आणि आजीचा भंडारा

जेजुरीचं काम आलं की मी पार्टीला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. कॅमेरे साफ करायचा खर्च बिलात लागेल, आणि एकदा पायरीला लागलो की लेन्स बदलणार नाही. पहिली ऐकून माणसं हसतात. भंडारा म्हणजे शेवटी हळदीची पूड, पण ती झूमच्या रिंगखाली शिरते, फ्लॅशच्या खाचेत बसते, बटणांच्या कडेने आत जाते. वर घामाचा हात लागला की तिचा लेप होतो, आणि मग थेट सर्व्हिसवाल्याचं दुकान गाठावं लागतं. म्हणून लेन्सच्या जोडावर टेप, आधी ब्रश, मग ब्लोअर, आणि फडकं अगदी शेवटी, तेही कोरडं.

परवाचं काम सासवडकडच्या एका घरचं होतं. लग्नानंतरचं देवदर्शन. नवरदेव नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढतो, भोवतीची मंडळी येळकोट करत भंडारा-खोबरं उधळतात, मग गडावर कासवापाशी तळी. बाहेरच्याला वाटतं, एवढं पिवळंधमक दृश्य, फोटो चांगला येणारच. माझा अनुभव उलटा आहे. एक्स्पोजरच्या, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा त्या बाबतीत जेजुरीइतकी चकवणारी जागा आमच्या धंद्यात दुसरी नाही.

पहिला चकवा काळ्या दगडाचा. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं मिळून मधल्या राखाडीत बसवायचं असतं. फ्रेममध्ये पायऱ्या, कमानी आणि दीपमाळा जास्त आल्या की तो म्हणतो, अंधार आहे, उजेड वाढवा. पुढच्याच क्षणी भंडाऱ्याचा लोट फ्रेमभर पसरला की तोच मीटर म्हणतो, फार झालं, कमी करा. उजेड तसूभरही बदललेला नसतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं चाक फिरवत याच्या मागे धावायचं नाही. मॅन्युअल लावायचं आणि लोट उडायच्या आधी पिवळ्याने माखलेल्या पायरीवर स्पॉट मीटर (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणारा) धरून एकदाच ठरवायचं. भर उन्हात माझा आकडा आयएसओ 100, एफ/4, 1/2500 असा आला. नेहमीच्या उन्हाच्या हिशेबापेक्षा साधारण दोन तृतीयांश स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). मुद्दाम कमी.

कारण दुसरा चकवा. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा फोटोचा आलेख, बघणारे बरेच जण एकच पांढरा डोंगर बघतात आणि तो उजव्या भिंतीला टेकला नाही म्हणून निर्धास्त होतात. तो डोंगर फोटोच्या लाल, हिरव्या आणि निळ्या थरांच्या, म्हणजे चॅनेलच्या, एकत्रित ब्राइटनेसचा असतो. त्यात हिरव्याचं वजन सगळ्यात जास्त, लाल त्याच्या जवळपास निम्मं, निळं नावापुरतं. हळदीच्या रंगात लाल सगळ्यात वर, हिरवा त्याच्या खाली आणि निळा पार तळाला. म्हणजे लाल चॅनेल भिंतीवर आपटून सपाट झाला तरी पांढरा डोंगर शहाण्यासारखा मधेच उभा. फोटो घरी नेऊन उघडला की भंडाऱ्याच्या जागी पिवळा ऑइलपेंट! पूड दिसत नाही, कण दिसत नाही. रंगही सरकतो, कारण लाल अडकलेला असतो आणि हिरवा वर चढतच राहतो, त्यामुळे हळदीची लिंबाकडे वाटचाल सुरू होते. मी तिन्ही चॅनेल वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम लावतो आणि जळलेला भाग लुकलुकणारी सूचनाही लाल चॅनेलवर ठेवतो.

माझ्या निकॉनमध्ये एक सोय आहे, तिच्यावर माझा फार जीव आहे. आरजीबी हिस्टोग्राम दाखवणाऱ्या पानावर फोटो झूम केला की हिस्टोग्राम फक्त तेवढ्या दिसणाऱ्या तुकड्याचा होतो. सगळ्या फ्रेमचा हिस्टोग्राम म्हणजे गावची सरासरी. मला हवी असते फक्त त्या लोटाची, नवरीच्या कपाळाची, नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्याची. ही सोय इतकी वर्षं लोकांच्या कॅमेऱ्यात आहे, वापरणारा क्वचित भेटतो.

त्या दिवशी गंमत इथेच झाली. नवरदेवाने नवरीला उचललं, दोन्ही बाजूंनी भंडारा उडाला. मी सटासट फ्रेम घेतल्या, तो खाली टेकून दम खात होता तेवढ्यात स्क्रीन पाहिली. डाव्या लोटावर झूम केलं: लाल भिंतीला चिकटायच्या बेतात, हिरवाही बराच वर. उजव्या लोटावर सरकलो: लाल भिंतीपासून चांगला दूर, हिरवा तर बराच खाली. एकच ऊन, एकच फ्रेम, एकच क्षण. आधी वाटलं उजवीकडे कुणाची सावली पडली असेल. मान वर केली तर डावीकडे चुलत भाऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या फोडून पायथ्याशी घेतलेला भंडारा मुठीमुठीने फेकत होते, आणि उजवीकडे आजी कमरेच्या कापडी पिशवीतून चिमूट चिमूट. तिने घरची हळद दळून आणली होती. "देवाला घरचीच. त्या दुकानातल्या पिवळ्या पिठाचं काय सांगावं, लेकरा?"

विकतच्या भंडाऱ्यात भेसळ असते ही तक्रार जुनीच आहे. त्या पिशव्यांत काय होतं ते मी सांगू शकत नाही, कॅमेरा काही प्रयोगशाळा नव्हे. पण दोन पिवळे वेगळे होते, एक फिकट उजळ आणि एक नारिंगीकडे झुकलेला, आणि तेवढं हिस्टोग्रामने माझ्या डोळ्यांच्या आधी ओळखलं. मग मी सगळं डाव्या लोटावर बांधलं. तो वाचला की उजवा वाचणारच होता.

एक अडचण मात्र सांगायलाच हवी, कारण हिस्टोग्रामची भक्ती करणारे ती सांगत नाहीत. रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाईल, काढत असलात तरी स्क्रीनवरचा हिस्टोग्राम रॉचा नसतो, आत बसवलेल्या जेपेगचा, म्हणजे कॅमेऱ्याने रंग चढवून तयार केलेल्या फोटोचा असतो. पिक्चर कंट्रोल, म्हणजे रंगांचं तयार सेटिंग, व्हिव्हिड (भडक) असला की लाल आधीच भिंतीवर. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) सावलीचा असला की लाल आणखी वर, कारण उन्हातसुद्धा कॅमेरा लाल चॅनेलला गुणून मोठा करतो. खऱ्या रॉमध्ये जागा शिल्लक असते आणि स्क्रीन आग लागल्यासारखी लुकलुकते. म्हणून माझं सेटिंग फ्लॅट, व्हाइट बॅलन्स उन्हाचा ठरलेला, ॲक्टिव्ह डी-लायटिंग (सावल्या आपोआप उजळवणारी सोय) बंद. याची किंमत म्हणजे मागून डोकावणाऱ्या प्रत्येक काकाला फोटो मळकट दिसतो. "अहो, रंगच नाही आला!" हे मी प्रत्येक कामात ऐकतो.

माझा सेकंड शूटर, म्हणजे जोडीचा फोटोग्राफर, याच्या बरोबर उलट. व्हिव्हिड, सगळं ऑटो आणि थेट जेपेग, कारण पार्टीला गडावरून उतरायच्या आत मोबाइलवर फोटो हवे असतात. पोरगा चपळ आहे, क्षण अचूक पकडतो, त्याबाबत मी त्याच्या पायाशी बसेन. पण "आजकाल सगळं एडिटमध्ये होतं, दादा" हे त्याचं पालुपद. जेपेगमध्ये जळलेला लाल कुठल्या एडिटमध्ये परत येतो ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

वर कासवापाशी तळी भरताना आमचं यावरूनच वाजलं. कासव पितळी पत्र्याने मढवलेलं, उन्हात त्याचा चमकारा डोळ्यात जातो. त्याने मला पाहून लुकलुकणारी सूचना लावली होती आणि आता पितळ लुकलुकतंय म्हणून एक्स्पोजर खाली खाली नेत होता. अरे, तो चमकारा म्हणजे सूर्याचं प्रतिबिंब, तो जळू दे, जळला तरच पितळ पितळ दिसेल. तळी उचलणाऱ्यांच्या हातावरची हळद लुकलुकली तर थांब. निकॉनने 2014 साली डी810 मध्ये हायलाईट-वेटेड मीटरिंग, म्हणजे सगळ्यात उजळ भाग जळू नये असं मोजमाप, आणलं. रंगमंचावर एका नटावर झोत असेल तेव्हा ते सोनं आहे, पण कासवासमोर मी लावून पाहिलं तर माणसांचे चेहरे कोळसा झाले. काय वाचवायचं ते यंत्राला ठरवू दिलं की ते पितळ वाचवतं.

सिलेक्शनला त्यांच्या घरी बसलो तेव्हा मी पायऱ्यांवरचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले. माझा: भंडाऱ्याचा कण न् कण, डावा लोट वेगळा, उजवा वेगळा, फेट्याच्या सावलीतला नवरदेवाचा चेहरा मी रॉमधून दीड स्टॉप वर आणलेला, तरी थोडा सावळाच. सेकंड शूटरचा: चेहरा लख्ख, नवरीचं हसू ऐन क्षणी पकडलेलं, आणि दोन्हीकडे एकसारखा लिंबू पिवळा रंग. नवरदेवाच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, क्षणात सेकंड शूटरच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा. दिवाणखान्यात मोठा करून लावायचा."

आजी चष्मा लावून पुढे आली. त्या फोटोकडे बघून म्हणाली, "ह्यो आपला भंडारा न्हाय." काका हसले, "आई, फोटोत काय कळतंय?" तिने माझ्या फोटोच्या उजव्या बाजूवर बोट ठेवलं. "ह्यो माझा. अन् तिकडला त्या पोरांचा." हिस्टोग्राम, चॅनेल, व्हाइट बॅलन्स, यातलं तिला काही ठाऊक नाही. मला खुर्चीतून उठून नाचावंसं वाटलं.

मग काकांनी तोडगा काढला. आईचं मन मोडायला नको, फोटो तुमचाच घेऊ, फक्त भंडारा त्या दुसऱ्यासारखा पिवळाजर्द करून द्या. म्हणजे जे वाचवायला मी गडभर धडपडलो तेच आता हाताने पुसायचं. सेकंड शूटर गालात हसत होता. बाहेर पडल्यावर म्हणाला, "पैसे काका देणार, आजी नाही." हेही खोटं नाही. नवरीचं हसू त्याच्या फ्रेममध्ये जास्त चांगलं आहे, तेही खोटं नाही.

दोन्ही फाईल तयार करून ठेवल्या आहेत, एक आजीच्या भंडाऱ्याची आणि एक काकांच्या मनासारखी. लॅबला अजून कुठलीच पाठवलेली नाही. काल काकांचा फोन येऊन गेला, फ्रेमवाल्याला माप देऊन झालंय म्हणाले.