सिक्स्टनच्या वाटेने: आधी आकार, मग भोक

मंडळी, तंबाखू ओढायचे पाईप घडवायचं काम परत सुरू केलंय. पावसाळाभर ब्रायरला (ज्याचे पाईप करतात ते लाकूड) हात लावला नव्हता, गॅलरीत इतकी ओल येते की बफिंग व्हीलसुद्धा दमट लागतं. आता हवा कोरडी झाली तसा ग्रीसचा एक प्लॅटो ब्लॉक, म्हणजे एका बाजूला साल असलेला तुकडा, बाहेर काढला. यावेळी मनाला येईल तसं कोरत बसायचं नाही, एका माणसाचं काम समोर ठेवून जायचं असं ठरवलंय आणि तो माणूस म्हणजे सिक्स्टन इवार्सन.

जुन्या लोकांना सांगायला नको, पण नवीन बरेच जण आलेत म्हणून थोडक्यात. जन्म १९१० चा, स्वीडनचा, सगळं करिअर मात्र कोपनहेगनमधे. पाईपशी याचा धंद्याचा काही संबंध नव्हता, लोकांकडची थकबाकी वसूल करायचं काम करायचा. स्वतःचा पाईप बिघडला म्हणून सूर नावाच्या पाईपवाल्याच्या दुकानात गेला, तिथे दुरुस्ती स्वतःच केली आणि मालकाने ते बघून नोकरीच दिली, असा किस्सा सगळीकडे सांगतात. पुढे तिथलं वर्कशॉप त्याच्याच हाताखाली आलं आणि १९५० च्या दशकात त्याने स्वतःचं थाटलं.

मला या सगळ्यात दुरुस्तीचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जो माणूस रोज दुसऱ्यांचे जळलेले, तुंबलेले, चावून फुटलेले पाईप उघडून बघतो त्याला पाईप आतून कळतो, भोक कुठे चुकलं की तळाशी ओल साठते, स्टेम (तोंडात धरायची नळी) कुठे जाड राहिला की दातांना नको होतो, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून त्याचे आकार कितीही मोकळे दिसले तरी आतली गणितं कुठेच सैल नाहीत. डॅनिश पाईप म्हटलं की आपल्याकडे लगेच वर खडबडीत साल ठेवलेले, वेडेवाकडे, भलेमोठे फ्रीहँड डोळ्यासमोर येतात, ते प्रेबेन होम या डॅनिश कारागिराचं वळण, १९७० च्या आसपास अमेरिकेत ते तुफान खपलं. मला तेही आवडतं, नाही असं नाही. पण सिक्स्टनचा पाईप हातात घ्यायच्या आकाराचा, हलका, आणि रेषा बोलपासून (तंबाखू भरायची वाटी) स्टेमच्या टोकापर्यंत कुठेही न तुटणारी. साधेपणाच जास्त आहे त्यात.

त्याच्याआधी काय होतं ते बघा. फ्रान्समधल्या सेंट-क्लोडला आणि लंडनला मशीनवर ठरलेले आकार निघायचे, बिलियर्ड, बुलडॉग, अ‍ॅपल, लाकडातली रेघ कशी का जाईना आकार तोच. सिक्स्टनने क्रम फिरवला. लाकूड आधी बघायचं, रेघा कुठून कुठे जातात ते, आणि आकार त्यांच्यावरून काढायचा. ब्रायरची गाठ जमिनीखाली वाढते, रेघा गाभ्याकडून सालीकडे जातात, त्यामुळे साल वर ठेवून बोल काढला तर चारही बाजूंनी उभ्या सरळ रेघा मिळतात आणि वरच्या काठावर बर्ड्स आय, म्हणजे त्याच रेघांची टोकं. ब्लॉक आडवा घेतला तर उलट, बर्ड्स आय दोन्ही गालांवर येतात. सिक्स्टनचा मुलगा लार्स याने ब्लोफिश नावाच्या आकारात नेमकं हेच वापरलंय.

आणि हे सगळं त्याने नुसतं चार श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी ठेवलं नाही हे मला फार भारी वाटतं. स्टॅनवेल या पाईपच्या फॅक्टरीसाठी त्याने आकार काढून दिले, फॅक्टरीने ते मशीनवर घेतले, म्हणजे साध्या माणसाच्या खिशातही सिक्स्टनची रेष पोचली. (स्टॅनवेलच्या मालकाचं मूळ आडनाव नील्सन, इंग्लिश पाईपांशी टक्कर द्यायची म्हणून ब्रँडला इंग्लिश वाटेल असं नाव दिलं आणि मग स्वतःचं आडनावही तेच करून टाकलं. धंदा करावा तर असा!) सिक्स्टनकडे शिकलेल्यांची नावं तर विचारू नका. योर्न मिके, येस चोनोविच, जपानचे तोकुतोमी, घरात लार्स आणि नात नाना, जी लहानपणापासून आजोबांच्या वर्कशॉपमधे बसायची. बो नॉर्डही याच वळणाचा, स्वीडनचा, अपघातानंतर व्हीलचेअरवर बसून काम केलं आणि नॉटिलस, रॅमसेससारखे आकार काढले जे आजही भल्याभल्यांना जमत नाहीत.

आता माझ्या ब्लॉकवर येतो. सिक्स्टनची जी पद्धत म्हणतात ती म्हणजे आधी बाहेरचा आकार, ड्रिलिंग नंतर. मी आत्तापर्यंत उलटं करायचो, बहुतेक हौशी लोक तसंच करतात, चौकोनी ब्लॉक लेथवर धरायला सोपा. पण भोक एकदा पाडलं की मधली रेष कायमची ठरली, पुढे लाकडात काही निघालं तर हलायला जागाच राहत नाही. आणि निघतंच की. या ब्लॉकला डाव्या गालावर कानस चालवताना टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा लागला, खाली अजून खोल जात होता. भोक पाडलेलं असतं तर पुटी भरा किंवा सँडब्लास्ट करा, दोनच रस्ते. इथे मी बोल थोडा उजवीकडे सरकवला, डावा गाल आत घेतला, खड्डा पूर्ण निघून गेला आणि आकार आधीपेक्षा बरा झाला, जरा एका अंगाला कललेला. स्केचमधे असं काही नव्हतं.

ड्रिलिंगला मात्र घाम फुटला. डॅनिश लोक बिट लेथच्या चकमधे बसवतात, आकार दिलेला ब्रायर सरळ हातात धरतात आणि मागून टेलस्टॉकने (लेथचं मागचं सरकतं टोक) रेटतात. बिट अडकला तर मनगटच जायचं, म्हणून मी लाकडी जबड्यांना आतून चामडं लावून त्यात धरलं, स्पीड एकदम कमी. चेंबर, म्हणजे तंबाखूचं भोक, १९ मिमी, हवेचं भोक ४ मिमी, आणि ते चेंबरच्या तळाला अगदी मधोमध उघडलंय. टॉर्च मारून बघितलं, पाईप क्लीनर न अडकता तळापर्यंत जातो. ज्यांनी हे केलंय त्यांना कळेल त्यादिवशी जेवण किती गोड लागलं असेल. (मी स्वतः ओढत नाही, घरचेही विचारतात मग हे कशाला, उत्तर माझ्याकडे नाही.)

शँकसाठी, म्हणजे बोल आणि स्टेम जोडणाऱ्या दांड्यासाठी, बांबू लावतोय. बांबूची शँकही सिक्स्टननेच आणली असं मानतात. बाहेरचा महाग बांबू मागवण्यापेक्षा मी कोकणातला माणगा घेतलाय, तो जवळजवळ भरीव असतो आणि मुळाकडच्या भागात पेरं जवळजवळ येतात, दिसायला एकदम हवं तसं. मधून ड्रिल करून आत स्टीलची बारीक नळी बसवणार, म्हणजे ओलीने बांबू फुटायचा नाही आणि दोन्ही टोकांचा जोडही भक्कम राहील. अडचण वाळवण्याची आहे, सावलीत ठेवलेल्या तुकड्यांपैकी काहींना पेरापाशी उभ्या चिरा गेल्यात. टोकांना मेण लावलेले मात्र अजून ठीक आहेत.

स्टेम एबोनाइटच्या (कडक रबर) रॉडमधून कापतोय, अ‍ॅक्रिलिकला चमक छान पण दातांना कडक. बटणापाशी (दातात धरायचं टोक) ४ मिमीपर्यंत आणायचंय, सध्या बराच जाड आहे, कानस आणि मग पॉलिश पेपर २२० पासून वर. बोलला आधी काळा स्टेन देऊन घासून काढणार म्हणजे रेघा उठतील, त्यावर नारिंगीकडे जाणारा तपकिरी, शेवटी कार्नोबा मेण.

माणगा वाळवण्याचा कुणाला अनुभव असेल तर सांगा, विशेषतः मीठाच्या पाण्यात उकळून घ्यावा की नाही यावर. बुरुड लोकांना विचारलं तर प्रत्येकाने वेगळं सांगितलं.