वीस हजारांच्या आत

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला शुक्रवार. एमआयडीसीच्या पाण्याचा शटडाऊन होता, म्हणून पहाटे उठून पिंप, बादल्या, अगदी मोठा कुकरसुद्धा भरून ठेवला आणि डोंबिवलीहून महाप्याची वाट धरली. मी पर्यावरण सल्लागार कंपनीत आहे. मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी, आमच्या भाषेत ईसी, मिळावी म्हणून लागणारे कागद तयार करणं हे माझं काम. एरवी फायली गृहसंकुलांच्या. ही मात्र टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका डेटा सेंटरची होती. नुसते सर्व्हर ठेवायची इमारत.

ईसी ज्या २००६च्या अधिसूचनेखाली मिळते, तिच्यातला फॉर्म १ए हा घरं, ऑफिसं, मॉल डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला आहे. विजेच्या भागात तो विचारतो, दर चौरस फुटाला किती वीज धरली आहे? काच कोणत्या प्रकारची वापरणार? आमच्या इमारतीला वरच्या मजल्यांवर खिडकीच नव्हती. जिना आणि गार्डची केबिन मिळून होती तेवढ्या काचेचे गुण मी इमानेइतबारे लिहिले होते. पिण्या-वापरण्याच्या पाण्याचा हिशेब माणसांवर. माणशी ४५ लिटर, तिन्ही पाळ्यांची मिळून ८० माणसं, झाले ३,६०० लिटर. खरे रहिवासी म्हणजे रॅक, सर्व्हरची कपाटं, आणि त्यांची शिरगणती हा फॉर्म करत नाही.

तीन महिने खपून फाईल होत आली होती. २६,००० चौरस मीटर बांधकाम, २,००० रॅक, रॅकमागे ८ किलोवॉट, एकूण १६ मेगावॉट. अकराच्या मीटिंगला आर्किटेक्टनी नवाच नकाशा टेबलावर पसरला.

"मॅडम, सगळं बदललंय. जागा घेणारे आता एआयवाले आहेत. रॅक तीनशेच, पण एकेक १०० किलोवॉटचा. चिपवरून थेट द्रव फिरवून थंड करायचं. एवढी जागाच लागत नाही. बांधकाम १८,७०० वर आलं."

मग जरा थांबून, "वीस हजारांच्या आत. म्हणजे ईसी नाही लागत ना?"

नाही लागत. बांधकामाची मर्यादा २०,००० चौरस मीटरपासून सुरू होते, ती मोजायची फरशीवर. आत काय जळतं याचा त्यात उल्लेख नाही. मी मोबाईलवर गुणाकार केला. तीनशे गुणिले शंभर, ३० मेगावॉट. वीज जवळजवळ दुप्पट झाली आणि त्याच कारणाने इमारत आटून मंजुरीच्या बाहेर पडली! पूर्ण भार धरला तर दिवसाला ७.२ लाख युनिट. घरटी सहा युनिट धरली तरी १,२०,००० घरं. आमचे सर काही न बोलता पंख्याकडे बघत होते. फीचे दोन हप्ते अजून यायचे होते, तेही गेले. खोटं कशाला सांगू, मलाही आधी तेच सुचलं.

क्लायंटकडचा एक तरुण इंजिनिअर फ्रँकफर्टला राहून आलेला. तो म्हणाला, "युरोपात डेटा सेंटर ५०० किलोवॉटच्या वर गेलं की दरवर्षी वीज, पाणी, वाया जाणारी उष्णता, सगळं कळवावं लागतं. तिथल्या एआय कायद्यात तर मोठं मॉडेल घडवायला किती वीज गेली, तीही कागदपत्रांत द्यायची." आर्किटेक्ट हसून म्हणाले, "तू इथे उगाच कल्पना देऊ नकोस."

इथे कायदाच नाही असं मी म्हणणार नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, डिझेलच्या टाक्यांचा परवाना लागतो. पण ईसीत तज्ज्ञ समितीपुढे उभं राहावं लागतं. कोणीतरी चष्म्यावरून बघत विचारतं, कूलिंगला सांडपाणी शुद्ध करून का वापरत नाही? पुढे दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. ते सगळं त्या नकाशाबरोबर गुंडाळलं गेलं.

डबा खाताना पाण्याचा हिशेब कागदाच्या मागच्या बाजूला केला. सगळी उष्णता कूलिंग टॉवरने घालवायची ठरवली, तर युनिटमागे साधारण दीड लिटर पाण्याची वाफ होते. दिवसाला १,०८० घनमीटर, म्हणजे १०.८ लाख लिटर. क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावं लागणारं पाणी, म्हणजे ब्लोडाऊन, वेगळा. टीटीसीला पाणी बारवी धरणाचं, आणि सकाळी मी कुकरात भरलं तेही बारवीचंच. एअर कूल्ड चिलर, म्हणजे हवेवर चालणारी थंड करायची यंत्रं, लावली तर पाणी वाचेल, पण वीज आणखी वाढेल.

संमतीचा अर्ज आमच्याकडेच राहिला होता. त्यात घरगुती वापर आणि औद्योगिक कूलिंग असे वेगळे रकाने आहेत. पहिल्यात ३.६ लिहिलं, दुसऱ्यात १,०८०, आणि हिशेबाचं पान मागे जोडून मसुदा पाठवला.

साडेपाचला आर्किटेक्टचा फोन.

"मॅडम, कूलिंगचा आकडा लिटरमध्ये पडलाय का?"

"नाही, घनमीटरमध्येच आहे."

"रोजचा?"

"रोजचा."

पलीकडे कोणाशी तरी बोलणं चाललेलं ऐकू आलं. मग म्हणाले, "सोमवारी या. चिलरवाल्यालाही बोलावतो."

घरी पोचले तेव्हा नळाला अजून नुसती हवाच येत होती.