कांगारू केअर: मानेखालची घडी आणि तासांचा हिशेब

अपुऱ्या दिवसांचं बाळ फार पटकन गार पडतं. शरीरात ऊब तयार करणारी तपकिरी चरबी मुख्यतः शेवटच्या तिमाहीत साठते आणि हे बाळ त्याआधीच बाहेर आलेलं असतं. त्यात कातडी पातळ. गार पडलं की अंग गरम ठेवण्यातच प्राणवायू आणि साखर खर्ची पडते, मग रक्तातली साखर उतरते, श्वास अडखळतो, वजन हलत नाही. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सियस हवं.

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एडगर रे यांनी बाळं आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवायला सुरुवात केली, कारण इनक्युबेटर (बाळाला उबेत ठेवणाऱ्या पेट्या) पुरत नव्हते. हीच कांगारू केअर. तेव्हापासून ‘मशीन नसेल तर’ असा शिक्का या पद्धतीवर बसलाय. तो आता पुसायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ची शिफारस आहे ती जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करण्याची, रोज ८ ते २४ तास. बाळ स्वतः श्वास घेत नसेल, शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडलेलं) असेल किंवा व्हेंटिलेटरवर असेल, तर मात्र थांबायचं.

बाळाला फक्त डायपर, टोपडं आणि मोजे. झबलं नको, नाहीतर त्वचेला त्वचा लागणार कशी? आईने मागे रेलून बसायचं, सपाट झोपायचं नाही. बाळ दोन्ही स्तनांच्या मधे उभं, हातपाय बेडकासारखे दुमडलेले, डोकं एका कुशीला. हनुवटी छातीवर टेकता कामा नये आणि मान मागेही झुकायला नको. किंचित वर उचललेली, बस्स. बाळाला आईशी बांधणाऱ्या कापडी पट्ट्याची वरची कड बाळाच्या कानाखाली येते. बाळाच्या छातीवर पट्टा घट्ट बसवा, पोटावर सैल ठेवा, कारण ही बाळं पोटाने श्वास घेतात.

सॅच्युरेशन (रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण) उतरून मॉनिटर वाजला की आधी मान बघा. पुष्कळदा कापड ढिलं होऊन बाळ खाली घसरलेलं असतं, मान दुमडून श्वासनलिका दबलेली असते. २० सेकंद श्वास थांबला किंवा ओठ निळे पडले, तर पाठ किंवा तळवा चोळत लगेच सिस्टरना हाक मारायची.

दहा-पंधरा मिनिटांच्या भेटी टाळा. उचलण्या-ठेवण्यातच बाळ दमतं आणि गारही पडतं. एकदा घेतलं की तासभर तरी हलवू नका. नळीचं दूध याच स्थितीत देता येतं; चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो, तोवर बहुतेकदा नळी लागते. आई थकली की बाबांनी, आजीने घ्यावं, छाती कुणाचीही चालते. घरी गेल्यावरही हे चालू ठेवायचं. वजन अडीच किलोच्या आसपास आलं की बाळच हातपाय झाडून पट्ट्यातून बाहेर पडायला बघतं, तेव्हा डॉक्टरांना विचारून बंद करा.