मोअर टॉलर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्या बाईला हा प्रश्न चुकत नाही: "मॅडम, तुलना करताना शब्दाच्या शेवटी ईआर कधी लावायचा आणि आधी मोअर कधी?" पालक तर पेपर घेऊनच येतात. ‘मोअर टॉलर’खाली लाल रेघ असते, दोन्ही एकदम लावले म्हणून.

हनुवटीखाली हात धरा आणि शब्द म्हणा. हनुवटी एकदाच हाताला लागली तर ईआर: टॉल, टॉलर. तीनदा लागली तर मोअर: मोअर ब्यूटिफुल. दोनदा लागली की पंचाईत. हॅपीचं हॅपिअर होतं, नॅरो आणि सिंपललाही ईआर चालतो, मॉडर्नला मात्र मोअरच हवं. बोअर्ड एका झटक्यात म्हणून होतो, तरी मोअर बोअर्डच म्हणायचं. ‘बोअर्डर’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वसतिगृहातला मुलगा आठवेल. गुड-बेटर, बॅड-वर्स यांना युक्ती नाही, ती पाठ करायची.

पण ‘मोअर टॉलर’ हे काही पाठांतर कमी पडल्यामुळे होत नाही. मराठीत तुलनेचं सगळं ओझं ‘पेक्षा’ वाहतो. ‘दादा माझ्यापेक्षा उंच आहे’ यात ‘उंच’ जागचा हलत नाही. वर हौसेनं ‘जास्त’ घातलं, ‘माझ्यापेक्षा जास्त उंच’, तरी कुणी मार्क कापत नाही. विशेषणाच्या शेपटीत तुलना ऐकायची सवयच नाही आपल्या कानाला. मग मूल टॉलर म्हणतं आणि काहीतरी राहिलं असं वाटून पुढे मोअर जोडतं.

तसं हे पाप जुनं आहे. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये अँटनी ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ म्हणतो. आपल्याकडे ‘श्रेष्ठ’ म्हणजे मुळातच सर्वांत उत्तम. तरी शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ आहे, श्रेष्ठवर आणखी ‘तम’. इंग्रजीत अशा दुहेरी रूपांवर व्याकरणकारांनी अठराव्या शतकात काट मारली. हे ऐकून एक आई म्हणाल्या, "मग आमच्या मुलाचा अर्धा मार्क का गेला?" मी म्हटलं, शेक्सपिअरला बोर्डाची परीक्षा द्यायची नव्हती.

नोकरीवाले विद्यार्थी अडतात ते ‘सिनिअर’पाशी. ‘सिनिअर दॅन मी’ नाही, ‘सिनिअर टू मी’. सिनिअर, ज्युनिअर, सुपिरिअर ही लॅटिनमधून तयार आलेली तुलनेची रूपं. त्यांच्या शेवटचा तो ‘इअर’ आणि संस्कृत ‘स्वर्गादपि गरीयसी’तला तुलनेचा प्रत्यय ‘ईयस्’ एकाच कुळातले. हे सांगताना मी जरा रंगते, कबूल आहे. परवा एकानं मध्येच तोडलं: "मॅडम, आमच्या कंपनीतला गोरा साहेब तर ‘मोअर सिनिअर’ म्हणतो."

म्हणू दे, ते चालतं. सिनिअरमधली तुलना इंग्रजांच्याच कानाला आता ऐकू येत नाही, जशी टॉलरमधली आपल्या कानाला येत नाही.