शिल्लक नसताना दिलेले डॉक्टर

क्युबाच्या परदेशी मदतीचा विषय निघाला की मी आधी १९६३ सालाबद्दल बोलते. क्रांतीनंतर क्युबातल्या सुमारे ६,००० डॉक्टरांपैकी जवळजवळ निम्मे देश सोडून गेले होते. तिकडे अल्जीरिया नुकताच स्वतंत्र झालेला, आणि फ्रेंच डॉक्टर तिथून निघून गेलेले. अशा वेळी क्युबानं तिथं पन्नासहून जास्त डॉक्टर, दंतवैद्य आणि नर्स पाठवले. मी स्वतः नर्स आहे. ड्यूटीवर दोन जणी कमी असल्या तर रात्रपाळी कशी जाते ते मला विचारा. म्हणूनच या निर्णयाचं मोल मला फार वाटतं.

२००५ मध्ये कतरिना वादळानंतर क्युबानं अमेरिकेला मदत देऊ केली, त्यासाठी हेन्री रीव्ह नावाचं पथक उभं केलं. रीव्ह हा क्युबाच्या स्वातंत्र्यासाठी लढलेला अमेरिकन तरुण. अमेरिकेनं ती मदत घेतली नाही. काही आठवड्यांतच काश्मीरमध्ये भूकंप झाला आणि २,००० हून अधिक क्युबन आरोग्यसेवक पाकिस्तानात पोचले. उष्ण बेटावरची ही माणसं हिमालयाच्या थंडीत महिनोन्महिने तंबूत राहिली. त्यांच्यात महिला डॉक्टर बऱ्याच होत्या. परपुरुषाकडून तपासून घ्यायला संकोचणाऱ्या बायकांसाठी हे किती मोलाचं होतं!

मला सगळ्यात मोठं काम वाटतं ते मात्र हवानाजवळच्या वैद्यकीय विद्यालयाचं. १९९८ च्या मिच वादळानं मध्य अमेरिका उद्ध्वस्त केल्यावर, १९९९ मध्ये नौदलाच्या जुन्या अकादमीत ते सुरू झालं. गरीब देशांतली मुलं तिथं फुकट शिकतात. पथक कधीतरी परत जातं, पण शिकून आलेली मुलगी आपल्याच गावच्या लोकांना तपासू शकते.

आता जे मला पटत नाही तेही लिहिते. ब्राझीलनं २०१३ पासून हजारो क्युबन डॉक्टर घेतले. त्यांच्यापोटी दिलेल्या पैशातला जेमतेम चौथा हिस्सा डॉक्टरांच्या हातात पडायचा, बाकीचा क्युबाचं सरकार ठेवायचं. मोहीम अर्ध्यावर सोडणाऱ्याला आठ वर्षं मायदेशी येता येत नसे. सरकार म्हणतं, त्या पैशावर देशातली मोफत रुग्णालयं चालतात. अमेरिकी निर्बंधांनी तो देश पिळून निघालाय, हे मी नाकारत नाही. पण २०१४ मध्ये सिएरा लिओनला इबोलाशी झुंजायला गेलेला, स्वतः इबोलानं आजारी पडून जिनिव्हात बरा झालेला आणि पुन्हा सिएरा लिओनलाच कामावर गेलेला फेलिक्स बाएस याच देशाचा डॉक्टर आहे. अशा माणसांना धाकानं बांधून ठेवायची गरज काय? त्यांना पगाराचा मोठा वाटा द्या, आणि मोहीम सोडली तरी आईला भेटायला घरी येऊ द्या.