काड्यापेटीतले कोपेक

सेंट पीटर्सबर्गच्या जुन्या बाजारात गेलो तेव्हा खिशात भिंग, लोहचुंबक आणि पुण्याहून नेलेला सोनारी काटा होता. खरं तर विकत काहीच घ्यायचं नव्हतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं परवान्याशिवाय रशियाबाहेर नेता येत नाही. पण नाणेवाल्याचा हात काट्याशिवाय शिवशिवतो.

पहिल्याच टेबलावर १७२४ चा 'सोल्नेच्निक' रूबल! एका बाजूला चिलखतातला झार पीटर द ग्रेट, दुसऱ्या बाजूला त्याच्या आद्याक्षरांचा क्रूस आणि मधोमध सूर्य. चुंबकाला चिकटला नाही, पण काट्यावर २१ ग्रॅम. खरा २८ च्या वर हवा. आकडा टेबलामागच्या म्हाताऱ्या विक्रेत्याला दाखवला. तो जराही ओशाळला नाही. 'कॉपिया,' म्हणजे नक्कल, म्हणाला, आणि टेबलाखालून काड्यापेटी काढली.

आत कापसावर चांदीचे कोपेक, रशियाची जुनी चिमुकली नाणी. चांदीच्या तारेचे तुकडे चपटे करून त्यावर ठसा मारायचा, ही पद्धत पीटरच्या राज्यात १७१८ पर्यंत चालू होती. रशियन लोक त्यांना 'चेशुया' म्हणतात, म्हणजे माशाचे खवले. अगदी तस्संच! ओलं बोट टेकवूनच उचलावं लागलं. काटा म्हणाला ०.२८. भिंगाखाली भाला घेतलेला घोडेस्वार, पण घोड्याचं डोकं गायब. तुकडा ठशाहून लहान, मग राजाचं नावही अर्धंच. मला आपल्या दाभोळची आदिलशाही नाणी, लारी, आठवली. तीही चांदीची तारच, फक्त दुमडलेली.

१७०४ मध्ये पीटरने या शंभर खवल्यांचा एक रूबल ठरवला आणि गोल, जाडजूड नाणं पाडलं. दशमान चलन आपल्याकडे आलं १९५७ ला!

दुपारी पीटर-पॉल किल्ल्यात गेलो. टांकसाळ आतच आहे, पीटरची कबर समोरच्या चर्चमध्ये. बारा वाजता तोफ धडाडली तेव्हा मी सहावा इव्हान आठवत होतो. १७४० साली दोन महिन्यांचा असताना सम्राट झाला, वर्षभरानंतर पीटरची मुलगी एलिझाबेथने तख्त बळकावलं. त्याच्या नावाची नाणी परत मागवून वितळवली, बाळगणं गुन्हा ठरला. म्हणून आज त्याच्या रूबलला इतका भाव.

त्या म्हाताऱ्याला निघताना विचारलं होतं, इव्हान आहे का? त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि काड्यापेटी बंद केली.