तुम्ही विचारलंत म्हणून: जुनापाणीला बघायचं काय?

नागपूरला पाहुणे आले की मी त्यांना काटोल रोडनं जुनापाणीला घेऊन जातो, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या सगळे हेच विचारतात, अहो हे तर नुसते दगड, यात बघायचं काय?

तर सांगतो. उभ्यानं नका बघू, जरा खाली बसा. काळे बेसाल्टचे मोठाले धोंडे गोल मांडलेत, आत मुरूम आणि गोट्यांची भर, आणि अशी वर्तुळं एकट्या जुनापाणीला ३०० च्या आसपास आहेत. ही वर्तुळं म्हणजे थडगी, अख्खं स्मशान आहे हे, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं, लोखंड वापरणाऱ्या माणसांचं. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीनं कोरलेत. ते कशासाठी, दिशा दाखवायला की आणखी कशाला, यावर अजून वाद चालू आहे. मी दर वेळी त्यात अंगठा फिरवतो, कुणीतरी बसून दगडावर दगड ठोकत हे केलंय हे हाताला कळतं.

रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं इथं एकोणिसाव्या शतकात खणलं, मग १९६१-६२ ला पुरातत्त्वज्ञ बी. के. थापरांनी. पण मला सगळ्यात जास्त आत लागतं ते जवळचं माहुरझरी. तिथं पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांच्या उत्खननात माणसांबरोबर पुरलेले घोडे निघाले, आणि घोड्याच्या तोंडावर चक्क तांब्याच्या पत्र्याचा साज! आपलं माणूस गेलं तर त्याचा घोडा सजवून सोबत द्यायचा, केवढा जीव असेल बघा त्या माणसावर. हे वाचल्यापासून मला ते दगड दगड वाटतच नाहीत.

म्हणूनच एका शिवारात वर्तुळातले धोंडे उचलून धुऱ्यावर रचलेले दिसले तेव्हा पोटात कालवलं. शेतकऱ्याला काय बोलणार, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की खाली कोण झोपलंय. मी सांगितलं, तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, उरलेले नाही हलवत भाऊ.

यायचं असेल तर पावसाळ्यात नको, गवतात काही दिसत नाही. थंडीत या, सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना. तेव्हा खळग्यांत सावली भरते आणि अख्खी ओळ लांबूनही मोजता येते.